टिपणीसबाईंची पक्कड

टिपणीसबाईंच्या पर्समध्ये रुमाल, चष्मा, दत्ताच्या अंगाऱ्याची डबी आणि एक पक्कड असायची. पक्कड वायरमनकडे असते तशी, मुठीवर लाल रबर चढवलेली. नगरपालिकेच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेला पक्कड कशाला लागते, हे मी त्यांना पहिल्याच भेटीत विचारलं होतं. शाळेच्या मुतारीच्या भिंतीसाठी मी विटा टाकल्या होत्या आणि चलनावर सही हवी होती. बाई वर्गात खुर्चीवर उभ्या होत्या, हात भिंतीला.

"खिळे काढायला," त्या तिथूनच म्हणाल्या. "तुम्ही विटावाले ना? विटा बघितल्याशिवाय सही नाही. थांबा."

मला कोणी थांबवलेलं आवडत नाही. मी अंजूरचा. डोक्यावर घमेलं घेऊन भिवंडीत आलो आणि नारपोलीत विटा-रेतीचं दुकान स्वतःच्या जोरावर उभं केलं. भाव करायला बसलो की समोरचा थकेपर्यंत उठत नाही. टिपणीसबाई थकल्या नाहीत. त्यांनी खिळा उपटला, पदराच्या टोकाने धूळ पुसली, खडूचा तुकडा भोकात फिरवून बसवला, वरून अंगठा दाबला. भिंत होती तशी झाली. मग त्या विटा बघायला आल्या आणि कच्च्या भाजलेल्या विटा बरोबर बाजूला काढायला लावल्या.

त्यांच्यावर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्या गेल्या, तरी आहे. लोक मेलेल्या माणसाबद्दल गोड लिहितात. मला तसं जमणार नाही.

शाळा निजामपुऱ्याच्या कडेला. इमारत एक, शाळा दोन. सकाळी उर्दू, दुपारी मराठी. बाकं तीच, फळे तेच, घंटा तीच. गल्लीच्या दोन्ही अंगांना कापडाचे लूम, त्यामुळे दिवसभर खटॅक-खटॅक चालू, आणि पोरं त्या आवाजावर आवाज चढवून पाढे म्हणायची. भिवंडीत आम्हाला लूमच्या आवाजाची भीती वाटत नाही. तो थांबला की वाटते. चौऱ्यांशीला तो थांबला होता, आणि त्यानंतर काय झालं ते ज्यांनी बघितलं ते अजून त्यावर बोलत नाहीत. मीही बोलणार नाही.

दंगलीनंतर दोन्हीकडच्या आईबापांनी एकच मागणी लावून धरली होती. इमारत वेगळी द्या, नाहीतर मधे भिंत घाला. सकाळच्या पोरांना कोणी काय शिकवून जातं, दुपारच्या बाकावर कोणी काय कोरून जातं, अशा गोष्टी उठायच्या. एकदा उर्दूच्या वर्गात कॅलेंडर टांगलेलं राहिलं, मशिदीच्या चित्राचं. दुपारच्या पालकांनी दारात गोंधळ घातला. पुढच्या आठवड्यात मराठीच्या वर्गात गणपतीचं कॅलेंडर राहिलं. सकाळी गोंधळ त्यांचा.

उर्दू शाळेचे मुख्याध्यापक मुकरी सर. कोकणी मुसलमान, घरात मराठीच बोलणारे, पान खाणारे, हळू बोलणारे. ते आणि बाई दुपारी पाळी बदलताना व्हरांड्यात भेटायचे. त्या दोघांनी मिळून नियम केला. भिंतीवर फळा आणि घड्याळ, बाकी काही नाही. ना त्यांचं, ना आमचं. खिळा दिसला की उपटायचा. सकाळच्या पाळीचा खिळा मुकरी सरांनी, दुपारच्या पाळीचा बाईंनी. एकमेकांच्या खिळ्याला हात लावायचा नाही. पक्कड मात्र एकच होती, बाईंची. दुपारी बाई ती सरांना द्यायच्या, आणि सरांचं काम झालं की ती परत पर्समध्ये जायची.

"सर, आज काही?"

"आज काही नाही, बाई. पोरं सुधारली."

"पोरं नाहीत हो, मास्तर सुधारले असतील. खिळे ते ठोकतात."

लोक म्हणायचे, बाई नास्तिक. दसऱ्याला शाळेत पाटीपूजन नाही म्हणजे काय? बाई पोरांना सांगायच्या, पाटी घरी न्या, आईजवळ बसा, घरच्या देवापुढे पुजा, आणि दुसऱ्या दिवशी येऊन काय लिहिलं ते दाखवा. पण नास्तिक म्हणणाऱ्यांना गुरुवारी त्या दत्ताच्या देवळात दिसायच्या, आणि दिसल्या की बोलणाऱ्याचं तोंड बंद व्हायचं. गुरुवारी बाईंचा कडक उपास. संध्याकाळी शाळा सुटली की त्या फाटकाबाहेर यायच्या, गटारावरची फरशी ओलांडायच्या आणि पलीकडे उभ्या राहून पर्समधून साखरफुटाण्यांची पुडी काढायच्या. जो येईल त्याला प्रसाद. हिंदू पोरं यायची, मुसलमान पोरंही यायची, नको असेल तो नको म्हणायचा. फाटकाच्या आत मात्र एक फुटाणा नाही.

"बाय, चार पावलांनी काय फरक पडतो?" मी एकदा विचारलं.

"इकडे मी टिपणीसांची सून आहे. तिकडे नगरपालिकेची नोकर आहे. नोकराने दिलेल्या प्रसादाला पोरगं नाही म्हणू शकत नाही."

मला ते पटलं नाही. पण फुटाणे घेतले.

एक नवीन मास्तर आला होता, उत्साही. बाईंची शिस्त त्याने ऐकली होती. त्याने काय केलं, वर्गातल्या पोरांच्या गळ्यातलं सगळं उतरवलं. तुळशीची माळ, काळा दोरा, ताईत, सगळं टेबलावर मांडलं आणि खुशीत बाईंना बोलावलं. मी तेव्हा व्हरांड्यात फरशीच्या मापासाठी उभा होतो. पोरं रडत होती. माळवाल्या पोराने गळा दोन्ही हातांनी धरला होता, जसं काही तिथे जखम झाली आहे.

बाईंनी टेबलाकडे बघितलं. आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज चढायचा नाही, उलट उतरायचा, आणि तेव्हा समजायचं की आता कोणाची तरी खैर नाही.

"मास्तर, भिंत कोणाची?"

"नगरपालिकेची, बाई."

"आणि गळा?"

मास्तर टेबलावरचे दोरे सारखे करू लागला.

"गळा पोराचा आहे. घाला परत. ज्याचं त्याला, तुमच्या हाताने. आणि आधी विचारा, घालू का म्हणून."

मास्तर गुडघ्यावर बसून एकेकाला विचारत होता, घालू का. माळवाल्या पोराने मान पुढे केली नाही, माळ हिसकावून घेतली आणि स्वतः घातली. बाई म्हणाल्या, "हेही बरोबर."

आता माझं.

माझा बाप, हिराजी. ह्या शाळेचा पाया खणला तेव्हा तो मजुरीला होता. अक्षर ओळखत नव्हता. पुढे म्हातारा झाल्यावरही गल्लीतून जाताना थांबायचा, शाळेच्या भिंतीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "बाळाराम, ह्या भिंतीखाली मी हाय." तो गेला तेव्हा मी ठरवलं, त्याचं नाव या शाळेत लागलं पाहिजे. बारक्या पाटीवर नाही. मी संगमरवरी सरस्वती आणली, गुडघ्याएवढी, वीणेच्या तारासुद्धा कोरलेल्या. खाली बैठकीवर नाव. कै. हिराजी यांच्या स्मरणार्थ. मग बाईंकडे गेलो.

"नको," बाई म्हणाल्या.

असं पहिल्याच शब्दाला माझ्याशी कोणी बोलत नाही. आधी पाणी, मग चहा, मग भाव.

"बाय, विद्येची देवी हाय. शाळेत न्हाय तर कुठं?"

"घरी. देवळात. मी स्वतः येऊन नमस्कार करीन."

"व्हरांड्यात ठेवू. वर्गात न्हाय."

"नको."

"कपाटात ठेवू. दुपारी उघडायची, सकाळी बंद."

बाई हसल्या. "देवीला शिफ्ट लावता, शेठ?"

"मग पडदा लावू."

"शेठ, ऐका. शाळेच्या हद्दीत जी वस्तू येते ती नगरपालिकेची होते. बाकावर बघा, घंटेवर बघा, पांढऱ्या रंगाने नंबर घातलेला आहे. देवीवरही घालतील. दरवर्षी कारकून येऊन बघून जाईल, आहे की नाही. वीणा तुटली तर मोडकी म्हणून लिलावात काढतील. माझी देवी मला सरकारी मालात जमा करायची नाही."

"पडू दे नंबर! मागच्या अंगाला घालायला सांगा, बारीक. लिलाव झाला तर मीच घेईन."

"आणि उद्या सकाळच्या पाळीचं कोणी काही घेऊन आलं, तर त्यांना कोणत्या तोंडाने नाही म्हणू? सगळ्यांचे देव बसतील एवढी भिंत नगरपालिकेने बांधलेली नाही. बापाचं नाव लावायचं असेल तर पाण्याची टाकी बांधा. पोरं घरून बाटल्या आणतात."

मी उठलो. माझ्या बापाला पाण्याच्या टाकीवर बसवतात! जाताना मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. बाईंनी ते ऐकलं आणि शांतपणे चष्मा पुसला.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत माझ्या गोडाऊनमधून विटा गेल्या, सिमेंट गेलं आणि मूर्तीही गेली. आमच्या आळीच्या मंडळाची पोरं, पुढे माझा भाचा सुऱ्या. त्यांनी मला विचारलं नाही आणि मी त्यांना विचारायला गेलो नाही. धंद्यात याला मी चूक म्हणत नाही.

शाळा उघडली त्या सकाळी सुऱ्याच पळत सांगायला आला. "मामा, बसवली! व्हरांड्यात, मधोमध! आता आपली आई कोन हलवतंय बघू!"

मी रिक्षा केली. गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि लूमचा आवाज कमी वाटला. उतरेपर्यंत आणखी कमी. एकेका कारखान्यात कोणीतरी पट्टा उतरवत होतं आणि माणसं बाहेर येत होती. मग शेवटचा लूम थांबला. मला माझ्याच चपलांचा आवाज ऐकू आला.

मुकरी सरांनी पोरांना फाटकाच्या आत घेतलं नव्हतं. रस्त्यावर रांगेने बसवून हजेरी घेत होते. गल्लीच्या निजामपुऱ्याकडच्या टोकाला लूमवाले उभे, बनियनवर, हात छातीशी बांधून. इकडच्या टोकाला आमची पोरं, सुऱ्याच्या कपाळावर टिळा. मधे पोलिसांची जीप. फौजदार तरुण होता. त्याने मला बाजूला घेतलं.

"शेठ, तुमची मूर्ती ना? माझ्या माणसाने हात लावला तर इकडचे पेटतील. राहू दिली तर तिकडचे. तुम्हीच काय ते सांगा."

मी काही सांगितलं नाही. खरं तर मला आत कुठेतरी बरं वाटत होतं. बापाचं नाव व्हरांड्यात मधोमध, सगळ्या गल्लीसमोर. पण मुकरी सर हजेरी घेताना नाव पुकारायचे आणि पोरगं "हाजिर" म्हणायचं, ते इतकं हळू म्हणायचं की सरांना परत विचारावं लागत होतं.

बाई आल्या. गुरुवार होता. ओले केस, पांढरी सुती साडी, हातात देवळातून आणलेली फुलांची पिशवी. कोणाशी न बोलता त्या फाटकातून आत गेल्या, आणि व्हरांड्याच्या पायरीशी त्यांनी चपला काढल्या. हे सगळ्यांनी बघितलं. आमच्या पोरांत कुजबुज झाली. सुऱ्या पुढे सरकला, त्याला वाटलं बाई फिरल्या.

"छान आहे," बाई मूर्तीकडे बघत म्हणाल्या. "सूर्यकांत, भटजी कोण होते?"

"भटजी सुट्टीत गावाला गेलंत, बाय. आमीच बसवली."

"मंत्र?"

"अगरबत्ती लावली. नारळ फोडला."

"प्राणप्रतिष्ठा कोणी केली?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. त्यांनी रात्रंदिवस वीट लावली होती, सिमेंट कालवलं होतं, पताका बांधल्या होत्या. ती एक गोष्ट कोणाच्या ध्यानातच आली नव्हती.

"म्हणजे घर बांधलंत, पाट मांडलात, आणि जिला बसवायचं तिला बोलावलंच नाही." बाई वळल्या. आता त्यांचा आवाज पार खाली गेला होता, आणि गल्ली इतकी गप्प होती की तो दोन्ही टोकांना पोचला. "देवी असती तर मी हात लावला नसता आणि कोणाला लावू दिला नसता. ही अजून मूर्ती आहे. मूर्तीला मालक असतो. बाळारामशेठ, तुमचा माल आहे. उचला."

माझं डोकं फिरलं. "बाय, माल कोनाला म्हणता? माझ्या बापाचं नाव हाय त्याच्यावर!"

"म्हणूनच दुसऱ्या कोणाला सांगत नाही."

"न्हाय उचलत."

"मामा, शाबास!" सुऱ्या ओरडला. त्या टोकाकडून शिटी आली. फौजदाराने टोपी घातली.

बाई माझ्याजवळ आल्या. इतक्या जवळ की अंगाऱ्याचा वास आला. आणि त्यांनी मला जे विचारलं ते आजवर कुठल्याच शिकलेल्या माणसाने विचारलं नव्हतं. उपदेश नाही, देश नाही, शांतता नाही. म्हणाल्या, "शेठ, काय घेणार?"

हा माझा शब्द होता. या शब्दावर मी उत्तर देतो, मला राहवत नाही.

"बापाचं नाव. ह्याच शाळेत. दिसंल असं."

"टाकीवर."

"टाकीवर लोक हात धुतील."

"पोरं पाणी पितील."

"अक्षरं वीतभर."

"चार बोटं."

"बाय, चार बोटं म्हणजे दुकानाचं बिल झालं! वीतभर."

"मूठभर. आणि फाटकातून शिरल्यावर पहिली नजर पडेल अशी. याच्या वर एक बोट नाही."

मी विचार करत होतो. फाटकाबाहेरून मुकरी सर बोलले, हजेरीचा कागद तसाच हातात धरून. "शेठ, आमच्या बाजूने उर्दूत पण लिहा. आमची पोरं पण वाचतील ना नाव. हिराजीचाचा माझ्या वडिलांना ओळखायचे."

हे मला माहीत नव्हतं. मी सरांकडे बघितलं. ते पानाची पिंक टाकायला वळले, की मुद्दाम वळले, कोणास ठाऊक.

"मूठभर," मी म्हणालो.

चौथऱ्याचं सिमेंट ओलंच होतं. पोरांनी पाणी जास्त घातलं होतं, माझ्या दुकानात राहून एवढंही शिकली नव्हती. मूर्ती सुटली. पण एकट्याला उचलण्यासारखी नव्हती. सुऱ्याने तोंड फिरवलं. फौजदार पुढे आला तर बाईंनी त्याला हाताने थांबवलं. पदर कमरेला खोचला आणि दुसरी बाजू स्वतः धरली. पन्नाशीची बाई, उपाशी, अनवाणी. आम्ही दोघं ती मूर्ती घेऊन व्हरांडा उतरलो, पोरांच्या रांगेमधून गेलो, आणि गटारावरची फरशी ओलांडली. मी वाटेतच ठेवणार होतो, हाताला कळ लागली होती. बाई म्हणाल्या, "अजून दोन पावलं."

पलीकडे ठेवली. बाईंनी पिशवीतलं फूल काढलं, मूर्तीच्या पायाशी ठेवलं, आणि रस्त्यात सगळ्यांसमोर डोळे मिटून हात जोडले. बराच वेळ. मग आमच्या पोरांतल्या एकाने जोडले. मग सुऱ्याने, रागारागाने. त्या टोकाचे लूमवाले बघत उभे होते. कोणी हसलं नाही. मुकरी सरांनी पोरांना उठवलं आणि आत नेलं. थोड्या वेळाने कुठेतरी एक लूम सुरू झाला. मग दुसरा.

मूर्ती मी अंजूरला नेली. भटजी बोलावून रीतसर प्रतिष्ठा केली. बाई दरवर्षी दसऱ्याला रिक्षाने यायच्या, नमस्कार करायच्या, माझ्या बायकोच्या हातची खीर खाऊन जायच्या. माझ्याशी पावसापाण्याचं बोलायच्या.

टाकी बांधली. दर्जेदार बांधली, शाळेपेक्षा टाकी टिकेल. एका अंगाला मराठीत नाव, एका अंगाला उर्दूत, मूठभर अक्षरं, मी मूठ लावून बघितली. आणि पंधरवड्यात नगरपालिकेचा रंगारी आला आणि बापाच्या नावाच्या शेजारी पांढऱ्या रंगात नंबर घालून गेला. बाकावर असतो तसा. घंटेवर असतो तसा.

मी बाईंच्या खोलीत घुसलो. "माझ्या बापावर नंबर?"

"शाळेच्या हद्दीत आहे, शेठ."

"सौदा होताना ह्ये बोलला न्हाय तुमी!"

"त्याच्या आधी बोलले होते." त्यांनी चष्मा काढला. "तेव्हा तुम्हाला देवीवरचा नंबर चालत होता. मागच्या अंगाला, बारीक."

मी आलो तसाच बाहेर पडलो. मी आयुष्यात अनेक सौदे हरलो असेन, पण हरलो आहे हे समोरच्याने मला इतक्या सभ्यपणे दाखवलं नव्हतं. माझा राग आहे तो हा.

नंतर ब्याण्णवचा तो डिसेंबर आला. मुंबईहून बातम्या यायच्या आणि लूम आपोआप थांबायचे. आळीआळीत समित्या झाल्या, पोलिसांनी दोन्हीकडच्या माणसांना एकत्र बसायला सांगितलं. बसायचं कुठे? देवळाच्या मंडपात ते येईनात, मदरशाच्या अंगणात आमचे जाईनात. माझ्या दुकानात म्हणालो तर तिकडच्या एकाने तोंडावर सांगितलं, तुमच्या दुकानातली मूर्ती अजून आठवते. शेवटी मुकरी सरांनी शाळेचं नाव काढलं, आणि दोन्हीकडून कोणी नाही म्हणालं नाही. चौथीच्या बाकांवर दाढीवाले, टिळेवाले, सगळे गुडघे पोटाशी घेऊन बसले. चारी बाजूंना कोऱ्या भिंती.

एकजण फलक घेऊन आला होता. वर ओम, चंद्र, क्रॉस, सगळं ओळीने काढलेलं. त्याने खिळा ठोकायला घेतला आणि बाईंनी पर्स उघडली.

"बाई, हे तर सगळ्यांचं आहे," तो म्हणाला.

"चंद्र लहान आलाय," बाई म्हणाल्या. "मला दिसला म्हणजे त्यांनाही दिसणार. गुंडाळा."

मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या लूमवाल्याने मान तिरकी करून फलक बघितला आणि म्हणाला, "छोटा तो है." सगळे हसले. त्या आठवड्यात तेवढंच हसलो असू. तेवढ्यात एक हवालदार आमच्या एका पोराच्या गळ्यातला भगवा गमछा काढायला गेला. बाईंनी मान हलवली. "गळा त्याचा," एवढंच म्हणाल्या. गमछा राहिला. समोरच्या बाजूच्या टोप्याही राहिल्या. रोज बैठका झाल्या, रोज भांडणं झाली, टेबलं आपटली. पाणी सगळे टाकीचं प्यायले. आमची गल्ली त्या हिवाळ्यात पेटली नाही. का पेटली नाही याची कारणं लोक वेगवेगळी सांगतात. मी सांगत नाही.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी मी मुद्दाम उशिरा गेलो. भाषणं मला सहन होत नाहीत. व्हरांड्यात दोन्ही पाळ्यांचे मास्तर जमले होते, आणि बाई त्यांच्या खोलीत खुर्चीवर उभ्या होत्या. समोर भिंतीवर त्यांचाच फोटो, एका हाताने धरलेला. दोन्ही पाळ्यांनी मिळून फ्रेम करून आणला होता, वर झेंडूचा हार.

"जिवंत माणसाला हार घालता," त्या पक्कड चालवत पुटपुटत होत्या.

"बाई, एवढा एक राहू द्या," मुकरी सर म्हणाले. केस पांढरे झाले होते त्यांचे. "आणि हा खिळा दोन्ही पाळ्यांचा आहे, तुम्हाला एकटीला काढता येणार नाही. नियम तुमचाच."

"फोटो माझा, म्हणजे खिळा माझा."

मी दारातून म्हणालो, "राहू द्या हो, बाय. फोटोला काय नंबर पडतो?"

त्या वळल्या. मला बघून हसल्या, पहिल्यांदाच अशा, तोंडभर. "पडतो, शेठ. तुम्हाला तर माहीत आहे."

खिळा जाड होता, हलत नव्हता. मी पुढे झालो नाही. त्यांनीच काढला. फोटोवरचा हार मुकरी सरांच्या गळ्यात घातला, सर लाजले, मास्तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग फाटकाबाहेर, फरशीच्या पलीकडे, साखरफुटाणे. मीही घेतले. रिक्षावाला निजामपुऱ्याचाच होता, त्याने सीट पुसली. बाई बसल्या. मांडीवर फोटो पालथा, त्यावर पर्स. रिक्षा निघाली आणि दहा हातांवर थांबली. बाईंनी डोकं बाहेर काढलं.

"शेठ! खडू घ्यायचा राहिला. भोक तसंच आहे."

"तुमचे मास्तर हायत ना!"

"त्यांना नीट जमत नाही."

रिक्षा वळणावर गेली. मग मी आत गेलो, फळ्याखालचा खडू घेतला, त्यांच्या खुर्चीवर चढलो आणि तो भोकात फिरवून फिरवून बसवला. वरून अंगठा दाबला. मला त्यांच्यापेक्षा चांगलं जमलं. उतरताना खुर्चीच्या पाठीवरचा पांढरा नंबर हाताला लागला. बाहेर टाकीवर पोरं पाणी पीत होती. एक बारकं पोरगं बापाच्या नावावर बोट ठेवून अक्षर अक्षर लावत होतं. नंबरासकट वाचत होतं.